दोन डोळ्यांचे गणित मांडणारे व्हीटस्टन

भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘व्हीटस्टन सेतू’ अनेकांना आठवत असेल. ही जोडणी खरे तर सॅम्युएल ख्रिस्ती यांची, १८३३ मधली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती प्रचारात आणली आणि नाव त्यांचेच चिकटले. जो शोध मात्र निखळ त्यांचा होता, त्यासाठी त्यांना भांडावे लागले.

१८०२ मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरजवळ जन्मलेले व्हीटस्टन वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातले. कॉन्सर्टिना हे वाद्य त्यांचेच. १८३४ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले, पण व्याख्यानाची त्यांना धास्ती; त्यांचे संशोधन अनेकदा फॅरेडे श्रोत्यांना समजावून सांगत.

चेहऱ्यासमोर बोट धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटला, तर बोट जागचे हलल्यासारखे दिसते. दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या याच फरकावरून मेंदू खोली ओळखतो, हे व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सिद्ध केले. उपकरण साधेच: काटकोनात जोडलेले दोन आरसे, दोन्ही बाजूंना एकेक चित्र. चित्रे निव्वळ रेषांची होती, कारण छायेमुळे उठावाचा भास होतो आणि तीच शंका त्यांना ठेवायची नव्हती. तरीही सपाट कागदावरचा घन समोर उभा राहिला! छायाचित्रणाची घोषणा झाली ती पुढच्या वर्षी. मग टॅलबॉट यांनी त्यांच्यासाठी छायाचित्रांच्या जोड्या काढल्या.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा आटोपशीर स्टिरिओस्कोप आणला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो राणी व्हिक्टोरियाच्या पसंतीस उतरला आणि घरोघरी पोचला. ब्रूस्टर यांनी तर मूळ शोधाचे श्रेयही व्हीटस्टन यांना नाकारले. १८५६ मध्ये ‘टाइम्स’मधून दोघांची जाहीर पत्रापत्री झाली, आणि ती सौम्य नव्हती.

उपयोगाच्या बाबतीत आरशांचे अवजड यंत्रही मागे पडले नाही. मोठ्या आकाराच्या चित्रांना तेच सोयीचे. हवाई छायाचित्रांतून डोंगरदऱ्यांचे चढउतार वाचायला आरशांचे स्टिरिओस्कोप वापरले गेले. क्ष-किरणांच्या जोडचित्रांतून शरीरात रुतलेली गोळी किती खोल आहे, हेही डॉक्टरांना उमगू लागले. फ्रान्समध्ये एमिल जावाल यांनी तिरळेपणावरच्या व्यायामासाठी स्टिरिओस्कोप हाती घेतला. आज संगणक एकाच वास्तूची अनेक छायाचित्रे जुळवून पडद्यावर तिच्यात फिरवून आणतो, तेव्हाही एकच बिंदू निरनिराळ्या चित्रांत किती सरकला, हेच तो मोजतो.

व्हीटस्टन १८७५ मध्ये पॅरिसमध्ये निवर्तले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून वीस वर्षे होती.