एक टनाची हार्ड डिस्क बनवणारे मास्तर : रेनॉल्ड जॉन्सन

नवी कोरी ३ टीबीची हार्ड डिस्क आणली, जुन्या कॉम्प्युटरला जोडली, आणि स्क्रीनवर दिसतंय फक्त ७४६ जीबी! पहिला संशय दुकानदारावर जातो आणि दुसरा डिस्कवर. मग घाईघाईत फॉरमॅट मारायची इच्छा होते. थांबा मित्रांनो. हा घोळ समजून घ्यायचा असेल तर ज्या माणसाच्या हाताखाली जगातली पहिली हार्ड डिस्क तयार झाली, त्याची गोष्ट आधी वाचा.

रेनॉल्ड जॉन्सन यांचा जन्म १९०६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झाला. आई-वडील स्वीडनहून आलेले. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि मिशिगनमधल्या आयर्नवुड गावी हायस्कूलमध्ये ते विज्ञान शिकवू लागले. पेपर तपासण्याचा कंटाळा कुठल्या मास्तरांना नसतो? यांनी मात्र त्यावर मशीनच बनवायला घेतलं.

लहानपणीची एक खोडी इथे कामाला आली. गाडीच्या स्पार्क प्लगवर बाहेरून पेन्सिलीच्या रेघा मारल्या की ठिणगी भलतीकडे जाते आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणजे पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. मग उत्तराच्या जागी पेन्सिलीने केलेली खूण मशीनला विजेने का ओळखता येऊ नये? याच कल्पनेवर बनलेलं मशीन पुढे आयबीएमने १९३७ मध्ये ८०५ या नावाने बाजारात आणलं. त्याआधी १९३४ मध्येच कंपनीने जॉन्सन यांना नोकरीवर घेतलं होतं. आज आपण परीक्षेत ओएमआर शीटवर गोल काळे करतो, ते मशीन विजेऐवजी प्रकाशाने वाचतं, पण कल्पनेचा पूर्वज हाच.

१९५२ मध्ये कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात नवी लॅब सुरू करायला पाठवलं. तेव्हा हिशेबाची माहिती पंच कार्डांवर असायची. मधलं एक कार्ड हवं असेल तर सगळा गठ्ठा चाळा! जॉन्सन यांच्या टीमने ठरवलं की फिरत्या तबकड्यांवर माहिती ठेवायची आणि हव्या त्या जागी थेट पोहोचायचं. तबकडीवर लोहचुंबकीय रंगाचा थर एकसारखा बसेना. शेवटी रंग बायकांच्या रेशमी मोज्यातून गाळून, कागदी कपाने फिरत्या तबकडीच्या मध्यभागी ओतला. तो आपोआप कडेपर्यंत पसरला. इतका साधा जुगाड!

सप्टेंबर १९५६ मध्ये रॅमॅक जगासमोर आला. त्याच्या डिस्क युनिटमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि वजन सुमारे एक टन. क्षमता किती? ५० लाख अक्षरं. आज फोनमधला एक चांगला फोटो साधारण तेवढी जागा खातो. पण ८० अक्षरांच्या कार्डांत मोजलं तर ती ६२,५०० कार्डं होतात.

आता मुद्द्याची गोष्ट. रॅमॅकमधल्या प्रत्येक जागेला पाच आकडी पत्ता होता. पहिले दोन आकडे तबकडीचे, पुढचे दोन ट्रॅकचे, शेवटचा एक सेक्टरचा. ५० गुणिले १०० गुणिले १०, म्हणजे ५०,००० जागा, आणि प्रत्येक जागेत १०० अक्षरं. समजा त्याच खांबावर १५० तबकड्या चढवल्या असत्या तर? शंभराच्या पुढच्या तबकड्या फिरल्या असत्या, पण त्यांचा पत्ताच लिहिता आला नसता. रकाने दोनच ना!

तुमच्या ३ टीबी डिस्कचं दुखणं नेमकं हेच आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीत पत्त्यासाठी ३२ बिट असतात. म्हणजे साधारण ४२९ कोटी सेक्टर. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर मर्यादा येते सुमारे २.२ टीबी. काही जुने यूएसबी अडॅप्टर किंवा ड्रायव्हर तिथे पोहोचले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतात, आणि उरलेले ७४६ जीबीच दाखवतात.

मग करायचं काय?

१. १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

२. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा. काळ्या पट्टीवर अनअलोकेटेड लिहिलं असेल तर त्या जागेचं पार्टिशन केलेलं नाही. ते करून घ्या.

३. २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नसेल तर डिस्क एमबीआर असणार. ती जीपीटी करा, तिथे पत्ता ६४ बिटचा असतो. पण डिस्क मॅनेजमेंटमधून हे करायला डिस्क रिकामी लागते, म्हणून आधी बॅकअप. हे विसरलात तर फोटो गेलेच समजा.

४. ७४६ सारखा विचित्र आकडा आला तर डिस्क दुसऱ्या, नव्या अडॅप्टरने किंवा कॉम्प्युटरला जोडून बघा. तिथे पूर्ण दिसली तर डिस्क ठणठणीत आहे. तोवर तिच्यावर काही लिहू नका.

जॉन्सन १९७१ मध्ये आयबीएममधून निवृत्त झाले, पण हात थांबले नाहीत. पुढे त्यांनी मुलांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचं तंत्र बनवलं. नव्वदहून जास्त पेटंट त्यांच्या नावावर आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, आणि १९९८ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले.

त्यामुळे पुढच्या वेळी डिस्क अर्धीच दिसली तर आधी बघा, पत्त्याचे रकाने पुरतायत का. फॉरमॅट काय, नंतरही मारता येतो. गेलेला डेटा मात्र परत येईलच असं नाही.