खुर्चीवरून खाली उतरलेला प्राध्यापक : आंद्रेआस व्हेसालियस

पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातला वैद्यकाचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. उंच खुर्चीवर प्राध्यापक बसले आहेत. समोर गॅलेनचा ग्रंथ उघडा आहे आणि ते तो लॅटिनमधून मोठ्याने वाचत आहेत. खाली टेबलावर फाशी दिलेल्या एखाद्या माणसाचे प्रेत आहे. ते कापण्याचे काम मात्र न्हाव्याचे. त्या काळी युरोपात जखमा शिवणे, गळवे फोडणे, रक्त काढणे ही कामे न्हावीच करीत. न्हाव्याला लॅटिन येत नाही, म्हणून वर काय वाचले जाते ते त्याला कळत नाही. प्राध्यापकांनी सुरीला हात लावलेला नाही, म्हणून खाली काय आहे ते त्यांना दिसत नाही. मध्ये एक जण काठी घेऊन उभा असतो. ग्रंथात ज्या अवयवाचे नाव येईल, तो दाखवायचा एवढेच त्याचे काम. विद्यार्थी लांबून पाहतात, पाठ करतात आणि पदवी घेऊन वैद्य होतात.

ज्याच्याकडे ग्रंथ त्याने हात मळवायचे नाहीत आणि ज्याचे हात मळतात त्याने ग्रंथाला शिवायचे नाही. ही रचना आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात ती मोडण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा आहे, ते आंद्रेआस व्हेसालियस.

व्हेसालियस यांचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्समध्ये झाला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी होती. पणजोबा, आजोबा वैद्य. वडील सम्राट पाचवा चार्ल्स याच्या पदरी औषधे तयार करणारे. वडिलांचा जन्म विवाहबाह्य होता आणि त्या काळच्या समाजात हा डाग सहज पुसला जात नसे. गुन्हेगारांना फाशी देण्याची टेकडी घराजवळच होती. तिथे लटकणारी प्रेते आणि पक्ष्यांनी साफ केलेली हाडे हे मूल लहानपणापासून पाहत होते.

लूव्हाँ येथे प्राथमिक उच्च शिक्षण घेऊन १५३३ साली ते पॅरिसला वैद्यक शिकायला गेले. तिथे जॅकोबस सिल्व्हियस हे नामांकित प्राध्यापक शिकवीत. सिल्व्हियस यांची गॅलेनवर अढळ श्रद्धा. वर्गात माणसाचे प्रेत क्वचितच येई आणि आले तरी न्हावी घाईघाईने चार काप देऊन मोकळा होई. व्हेसालियस यांचे त्यावर समाधान झाले नाही. ते मित्रांबरोबर पॅरिसच्या जुन्या दफनभूमीत जाऊन तासन्‌तास हाडे चाळीत बसत. पुढे त्यांची इतकी तयारी झाली की डोळे बांधून नुसत्या स्पर्शाने कोणते हाड आहे ते सांगत आणि त्यावर मित्रांशी पैज लावत.

१५३६ साली फ्रान्स आणि सम्राट चार्ल्स यांच्यात युद्ध पेटले, त्यामुळे त्यांना पॅरिस सोडून लूव्हाँला परतावे लागले. गावाबाहेर फाशीच्या खांबावर एका गुन्हेगाराचा जवळजवळ पूर्ण सांगाडा लटकत होता. रात्री लपून ते एकेक हाड घेऊन आले, सांगाडा जोडला आणि हा पॅरिसहून आणला आहे अशी थाप लोकांना मारली.

डिसेंबर १५३७ मध्ये इटलीतील पाडुआ विद्यापीठाने त्यांना डॉक्टरची पदवी दिली. लगोलग, वयाच्या तेविसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया आणि शरीररचना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. इथे त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खुर्ची सोडली. टेबलाशी उभे राहून, सुरी स्वतःच्या हातात घेऊन ते शिकवू लागले. वाचणारा, दाखवणारा आणि कापणारा हे तिघे आता एकच झाले. विद्यार्थ्यांनाही जवळ येऊन अवयव हाताळायला ते सांगत. मागे बसलेल्यांना दिसावे म्हणून मोठी चित्रे काढून दाखवत. त्यातूनच १५३८ साली सहा चित्रपत्रकांचा संच छापला गेला.

पण नीट पाहायला शिकणे एका दिवसात होत नाही. या चित्रांत यकृताला पाच पाळी दाखवलेली आहेत आणि मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक अद्भुत जाळेही आहे. माणसाच्या शरीरात या दोन्ही गोष्टी नसतात, पण गॅलेनने लिहिल्या होत्या. मेंदूखालचे जाळे माणसात सापडेना, म्हणून व्हेसालियस वर्गात माणसाच्या डोक्याशेजारी मेंढीचे किंवा बैलाचे डोके ठेवत आणि ते जाळे त्यात दाखवत. डोळ्यांना दिसत नसलेली गोष्ट केवळ ग्रंथात आहे म्हणून आपण शिकवत राहिलो, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून कबूल केले. त्यांचे मोठेपण मला या कबुलीत जास्त दिसते.

गॅलेन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. तो बुद्धिमान होता आणि स्वतः विच्छेदन करणाराही होता. पण त्या काळी रोमन साम्राज्यात माणसाचे प्रेत फाडण्याची मोकळीक नव्हती. त्याने माकडे, डुकरे, बैल कापले आणि त्यावरून माणसाचे शरीर कसे असेल ते लिहिले. त्याच्या काळाच्या मर्यादा समजून घेता येतात. खरा दोष पुढच्या तेराशे वर्षांचा, ज्यांनी त्याचे लिखाण पडताळण्याऐवजी त्याला प्रमाण मानले. प्रेतात वेगळे काही दिसले तर प्रेतच सदोष ठरत असे, ग्रंथ कधीच नाही.

जानेवारी १५४० मध्ये बोलोन्या येथे भर सभेत विच्छेदन करताना व्हेसालियस यांनी माणसाचा आणि माकडाचा सांगाडा जवळजवळ ठेवला. गॅलेनने वर्णन केलेला मणक्याचा एक भाग माकडात होता, माणसात नव्हता. तेव्हा उलगडा झाला की गॅलेनने माणूस उघडून पाहिलेलाच नव्हता. त्यानंतर त्यांनी एकेक हाड, एकेक स्नायू नव्याने तपासला. माणसाचा खालचा जबडा दोन नव्हे तर एकाच हाडाचा असतो. छातीच्या मधल्या हाडाचे भाग सात नसून तीन असतात. पुरुषाला बाईपेक्षा एक बरगडी कमी असते हा लोकांचा समजही खोटा, कारण दोघांनाही बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. अशा दोनशेहून अधिक चुका त्यांनी दुरुस्त केल्या.

हे सारे काम १५४३ साली बाझेल येथे मानवी शरीराच्या रचनेवरील सात भागांच्या प्रचंड ग्रंथात छापले गेले. चित्रांचे लाकडी ठसे इटलीत कोरून, खेचरांवर लादून आल्प्स पर्वतापलीकडे नेले होते. त्याच वर्षी कोपर्निकसचा सूर्यकेंद्री विश्वाचा ग्रंथ आला. व्हेसालियस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. ग्रंथाच्या पहिल्या पानावरचे चित्र पाहण्यासारखे आहे. गर्दीच्या मधोमध व्हेसालियस स्वतः प्रेताला हात लावून उभे आहेत. पूर्वी ज्या जागी प्राध्यापकांची उंच खुर्ची असे, तिथे आता सांगाडा आहे.

गुरू सिल्व्हियस संतापले. १५५१ साली त्यांनी आपल्याच शिष्याला वेडा ठरवणारे पुस्तक लिहिले. गॅलेन चुकलेला नाही, त्याच्यानंतर माणसाचे शरीरच बदलले, असा त्यांचा बचाव होता. आधीच विरोधाला कंटाळून व्हेसालियस यांनी आपली बरीच टिपणे जाळून टाकली होती. ते सम्राट चार्ल्सच्या आणि नंतर स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाच्या दरबारी वैद्य झाले. माद्रिदमध्ये अभ्यासाला साधी कवटीही मिळत नाही अशी त्यांची तक्रार होती. त्याआधी, १५५५ साली, त्यांनी ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती काढली होती. हृदयाच्या मधल्या भिंतीला रक्त जाण्याजोगी छिद्रे असतात असे गॅलेन सांगे. तशी वाट आपल्याला दिसत नाही, हे त्यांनी आता स्पष्टपणे मांडले. पुढे पाडुआतच शिकलेल्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले.

१५६४ साली जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना ग्रीसजवळच्या झाकिन्थॉस बेटावर व्हेसालियस यांचा मृत्यू झाला. पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. लाखो लोकांना शरीर दाखवणाऱ्या या माणसाची कबर आज सापडत नाही.

त्यांचा गौरव करताना एक हिशेब मात्र विसरता येत नाही. त्यांच्या टेबलावर आलेली शरीरे कोणाची होती? फाशी गेलेल्यांची, गरिबांची, ज्यांच्या मागे कोणी विचारायला येणार नव्हते त्यांची. पाडुआत तर एका बाईचे प्रेत थडग्यातून पळवून, नातेवाइकांना ओळखू येऊ नये म्हणून तिची कातडी सोलली गेली. संमतीचा प्रश्नच नव्हता. बाझेलमध्ये त्यांनी विच्छेदन केलेल्या याकोब कारर या गुन्हेगाराचा सांगाडा तिथल्या संग्रहालयात आजही आहे. त्याचे निदान नाव तरी उरले. बाकीच्यांचे तेही नाही.

आपल्या देशात १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ते विटाळाची भीती झुगारून. हे धाडसच होते. पण याच देशात काही जातींना पिढ्यान्‌पिढ्या प्रेते उचलायला, जाळायला, मेलेली जनावरे फाडायला लावले गेले. शरीर आतून कसे असते हे त्यांच्या हातांना माहीत होते, मात्र त्या माहितीला कोणी विद्या म्हटले नाही. जात केवळ काम वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकाखाली एक रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. आजही अनेक शवागारांत प्रेत उघडणारा हात सफाई कामगाराचा असतो आणि अहवालावरची सही दुसऱ्याची. व्हेसालियस यांनी मोडलेला वर्ग तिथे अजून भरतो आहे.

आपली मुले-मुली आज वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षी त्या टेबलाशी उभी राहतात. त्यांनी पुस्तक वाचावेच, पण स्वतःच्या हातांनी आणि डोळ्यांनी ते पडताळावेही. समोरचे शरीर देहदानातून आले असो की बेवारस म्हणून, त्या माणसाला मनोमन वंदन करावे. आणि शवागारातल्या कामगाराला नावाने हाक मारावी.