दाईच्या घराण्यातला कृमिशास्त्रज्ञ

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती आल्बर्ट या दोघांचा जन्म 1819 सालचा. दोघांच्याही जन्माच्या वेळी हजर असलेली डॉक्टर एकच होती, शार्लोट फॉन सीबोल्ड. जर्मनीतले हे सीबोल्ड घराणे म्हणजे डॉक्टरांची आणि त्यातही प्रसूतितज्ज्ञांची खाणच. याच घराण्यात 16 फेब्रुवारी 1804 रोजी वुर्झबर्ग येथे कार्ल थिओडोर फॉन सीबोल्ड यांचा जन्म झाला. आजोबा नामांकित शल्यचिकित्सक, वडील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक, भाऊही त्याच वाटेने गेलेला. जपानमध्ये पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारे फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड हे त्यांचे चुलतभाऊ.

कार्ल थिओडोर हेही रीतसर वैद्यक शिकले. 1831 मध्ये पूर्व प्रशियातल्या हाइल्सबर्ग या लहानशा गावी सरकारी डॉक्टर झाले आणि 1835 पासून डान्झिग, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क, येथे सुईणींना शिकवणाऱ्या शाळेचे संचालक. दिवसा बाळंतपणे आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम. बेडूक, पक्षी, मासे, किडे, जे हाती लागेल ते उघडून त्याच्या पोटातले आणि अंगावरचे परजीवी ते पाहत. त्या काळी कृमी शरीरात आपोआप, सडलेल्या रसातून तयार होतात असे मानणारे विद्वान कमी नव्हते. सीबोल्डना ते पटत नव्हते. जिथे जीव आहे तिथे त्याचा जन्म कसा झाला हे दाखवता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. सुईणींच्या शिक्षकाला तो शोभणाराच होता.

1835 मध्येच त्यांनी पक्ष्यांमधल्या एका पर्णकृमीची अंडी फुटताना पाहिली. बाहेर आलेल्या पोहणाऱ्या पिलाच्या पोटात आणखी एक वेगळ्याच आकाराचा जीव होता. पिलू अजून जगात नीट आलेले नाही आणि त्याच्या पोटात दुसरे! परजीवी कृमी पिढीगणिक रूप बदलतात, हे समजण्याच्या वाटेवरचे हे एक महत्त्वाचे निरीक्षण ठरले.

पुढे 1840 पासून ते एर्लांगेन, फ्रायबर्ग, ब्रेस्लाऊ आणि 1853 पासून अखेरपर्यंत म्युनिक अशा विद्यापीठांत प्राध्यापक होते. अमिबासारखे जीव एकाच पेशीचे असतात हे मांडून आदिजीवांचा गट त्यांनी 1845 मध्ये वेगळा केला. 1848 मध्ये कोलिकर यांच्यासोबत प्राणिशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्याच खंडात, 1849 मध्ये, त्यांनी जायरोडॅक्टिलस या माशांवरच्या कृमीवर लेख लिहिला. त्यांच्या साऱ्या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे.

हा कृमी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. मागच्या टोकाला दोन मोठे आणि कडेने सोळा बारीक आकडे. त्यांनी तो माशाच्या कातडीत किंवा कल्ल्यांत रुतून बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली सीबोल्डना त्याच्या पोटात गर्भ दिसला, गर्भाचे आकडेही स्पष्ट दिसले. आणि त्या गर्भाच्या पोटात पुन्हा आकडे होते! आईच्या पोटात लेक, लेकीच्या पोटात नात. नर कुठे दिसेना, शुक्राणू दिसेनात. तेव्हा हा नरमादीवाचून पिले वाढवणारा, दाईसारखा जीव आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. 1860 मध्ये वागेनर यांनी याच कृमीत जननेंद्रिये दाखवली. तो उभयलिंगी आहे, पण त्याचा क्रम विलक्षण आहे. पहिली लेक फलनाशिवाय, गर्भाच्या आतल्याच पेशींपासून तयार होते. पहिल्या बाळंतपणानंतर कृमीचे नर अवयव वाढतात. दुसरी लेक अंड्यापासून, पण बहुधा शुक्राणूशिवाय. त्यानंतरच्या लेकी मीलनातूनही होऊ शकतात. जन्मणारी लेक जवळजवळ आईएवढी असते आणि गरोदरच जन्मते. म्हणजे तलावातल्या एका माशावर एकच कृमी आला, तरी साथ सुरू व्हायला तेवढा पुरतो.

याची किंमत नॉर्वेने मोजली. जायरोडॅक्टिलस सॅलारिस ही जात बाल्टिक समुद्राकडच्या सॅमनवर असते आणि तिथल्या माशांना तिचा फारसा त्रास होत नाही. 1970 च्या दशकात स्वीडनमधून आणलेल्या मत्स्यबीजाबरोबर ती नॉर्वेत पोचली. तिथल्या अटलांटिक सॅमनला तिच्याशी झुंजण्याची सवय नव्हती. सुमारे 50 नद्या बाधित झाल्या आणि त्यांतली लहान सॅमनची संख्या सरासरी 80 टक्क्यांहून जास्त घटली. कृमींच्या मायटोकॉन्ड्रियातले जनुक ताडून कोणता वाण कुठून आला, याचा माग संशोधकांनी काढला. उपाय मात्र जालीम निघाला. रोटेनोन हे विष घालून नदीतले सगळे मासे मारायचे आणि जपून ठेवलेल्या वाणाचे मासे पुन्हा सोडायचे. हा उपाय चालतो तो हा कृमी अंडी घालत नाही म्हणून. मासाच उरला नाही की वंश संपला. नदीच्या तळाशी काही शिल्लक राहत नाही.

याच्याच नात्यातला डॅक्टिलोजायरस मात्र अंडी घालतो. दोन्ही कृमी आपल्याकडच्या कटला, रोहू, मृगळ यांच्या संवर्धन तळ्यांतही आढळतात आणि बोटुकलीला जास्त छळतात. औषधाने मोठे कृमी मरतात, अंडी टिकतात. म्हणून डॅक्टिलोजायरससाठी काही दिवसांनी पुन्हा उपचार करावा लागतो. तळे एक, लक्षणे सारखी, पण कृमी कोणता हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय औषधाचा हिशेब बसत नाही. (मासे खाणाऱ्यांनी घाबरू नये, हे दोन्ही कृमी माणसाला होत नाहीत.)

सीबोल्ड यांनी 1851 मध्ये कल्ल्यांवरच्या आणखी एका कृमीचे कोडे सोडवले. डिप्लोझून हा जोडदेही प्राणी मुळात दोन स्वतंत्र पिले एकमेकांना चिकटून, कायमची सांधली जाऊन तयार होतो, हे त्यांनी दाखवले. मग ते मधमाश्यांकडे वळले. राणीमाशीच्या न फळलेल्या अंड्यांतून नर निघतात, असे झिर्झोन हे धर्मगुरू सांगत होते. सीबोल्ड यांनी ताजी अंडी तपासली. कामकरी माश्यांच्या अंड्यांत शुक्राणू सापडले, नरांच्या अंड्यांत एकही नाही. 1856 च्या त्यांच्या पुस्तकाने अनिषेकजननाला प्राणिशास्त्रात पक्के स्थान मिळवून दिले.

चुकलेही. डुकराच्या मांसातल्या फोडांसारख्या अळ्या म्हणजे वाट चुकून बिघडलेले पट्टकृमी, असे ते मानत. त्या अळ्या ही पट्टकृमीच्या आयुष्यातली नेहमीचीच पायरी आहे, हे क्युखनमाइस्टर यांनी सिद्ध केले. गंमत अशी की सीबोल्ड स्वतः कुत्र्यांना अशा अळ्या खाऊ घालून त्यांच्या आतड्यात पट्टकृमी वाढवत होते. पुरावा हातात होता, अर्थ मात्र दुसऱ्याने लावला.

1863 मध्ये मध्य युरोपातल्या गोड्या पाण्यातील माशांवर त्यांचा मोठा ग्रंथ आला, 1871 मध्ये गांधीलमाश्या आणि इतर संधिपादांतील अनिषेकजननावर आणखी एक पुस्तक. 7 एप्रिल 1885 रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.

2007 मध्ये जपानी संशोधकांनी मत्स्यशेतीतल्या माशांच्या कातडीवर जगणाऱ्या निओबेनेडेनिया या कृमीवर एक प्रयोग केला. त्याच्या प्रजननपेशींत काम करणारी व्हासा गटातली जनुके त्यांनी दुहेरी पदराच्या आरएनएने दडपली. कृमी जिवंत राहिले, पण त्यांतल्या अनेकांच्या प्रजननपेशीच नाहीशा झाल्या.