लिव्हरपूल क्लबचा जन्म भाड्याच्या भांडणातून! कोण होते जॉन हौल्डिंग?

लिव्हरपूलची लाल जर्सी आज आपल्याकडच्या टर्फवरही सर्रास दिसते. पण ज्या ॲनफिल्डच्या नावाने चाहते शपथा घेतात, ते मैदान आधी कट्टर प्रतिस्पर्धी एव्हर्टनचं होतं. ते हातातून का गेलं? उत्तर एका बिअर उत्पादकाच्या हिशेबात आहे.

जॉन हौल्डिंग यांचा जन्म 1833 चा. ब्रुअरीच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला, पुढे शहराच्या राजकारणात वजन मिळवलं. ते एव्हर्टन क्लबचे अध्यक्ष होते. 1884 मध्ये क्लब ॲनफिल्डवर आला आणि वर्षभरात ती जमीन हौल्डिंग यांनी विकत घेतली. म्हणजे अध्यक्ष तेच आणि घरमालकही तेच! खेळाडू कपडे बदलायचे ते जवळच्या सँडन हॉटेलात. तेही हौल्डिंग यांचंच. मैदानात खाण्यापिण्याच्या विक्रीचा हक्कसुद्धा त्यांच्याकडे.

एव्हर्टनची भरभराट होत गेली. 1888 मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगचा हा संस्थापक क्लब 1891 मध्ये विजेताही ठरला. पण तोवर भाडं दुपटीहून जास्त झालं होतं. क्लब चर्चच्या संघातून उभा राहिलेला, त्यामुळे दारूविरोधी सभासदही बरेच. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे जॉर्ज महॉन विरोधकांचे पुढारी झाले. खटका फक्त पैशांचा नव्हता, पण पैशांशिवाय तो इतका पेटलाही नसता.

मार्च 1892 मध्ये सभासदांनी हौल्डिंग यांना अध्यक्षपदावरून हटवलं आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन रोडवर नवं मैदान घेतलं. हौल्डिंग यांच्याकडे उरलं रिकामं मैदान. त्यांनी एव्हर्टनच्याच नावाने कंपनी नोंदवून ठेवली होती, पण फुटबॉल असोसिएशनने ते नाव बहुसंख्य सभासदांच्या बाजूने दिलं. मग हौल्डिंग यांनी थेट शहराचंच नाव घेतलं. लिव्हरपूल!

नाव मिळालं, खेळाडू कुठून आणायचे? आयर्लंडमध्ये जन्मलेले त्यांचे सहकारी जॉन मॅकेना यांनी स्कॉटलंडमधून माणसं आणली. 1 सप्टेंबर 1892 रोजी रॉदरहॅम टाउनला 7-1 ने हरवणाऱ्या पहिल्या संघात एकही इंग्लिश खेळाडू नव्हता. जर्सीही लाल नव्हती, निळी-पांढरी होती. लाल रंग 1896 मध्ये आला.

हौल्डिंग यांना नफेखोर म्हणणं सोपं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण मैदान विकून मोकळं होण्याऐवजी त्यांनी शून्यातून दुसरा संघ उभा करण्यासाठी पैसे ओतले, हेही तितकंच खरं. 1893-94 च्या मोसमात हा संघ सेकंड डिव्हिजनमध्ये एकही सामना न हरता पहिला आला. 1897 मध्ये हौल्डिंग शहराचे लॉर्ड मेयर झाले. 1901 मधलं क्लबचं पहिलं लीग विजेतेपद त्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या नीस इथे त्यांचं निधन झालं.

एव्हर्टनच्या पुरुष संघाने 2025 मध्ये गुडिसन पार्क सोडलं आणि गोदीजवळच्या नव्या स्टेडियमचा रस्ता धरला. लिव्हरपूल मात्र अजूनही हौल्डिंग यांच्या त्याच मैदानावर खेळतो.