डॉ. शंभुनाथ डे : उशिरा मोजलं गेलेलं काम

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीबद्दल लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मला नाव शोधावं लागलं नाही. गेली काही वर्षं मी शोधनिबंधांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. कोणाच्या निबंधाचा दाखला पुढे किती जणांनी दिला, हे आमची प्रणाली मोजते. या दाखल्याला तिथे सायटेशन म्हणतात. जितके दाखले जास्त, तितका संशोधक मोठा, असा सरळ हिशेब. हा हिशेब कुठे कमी पडतो, हे मला डॉ. डे यांच्या आयुष्यातून कळलं.

शंभुनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीच्या आधारे ते शिकले आणि कोलकाता मेडिकल कॉलेजातून १९३९ मध्ये डॉक्टर झाले. पुढे लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि ते कोलकात्याला परतले. तिथे पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे रुग्ण नेहमीचेच होते.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये याच शहरात ओळखला होता. आपणही शाळेत कॉख यांचं नाव पाठ केलं. पण हा जंतू माणसाला मारतो कसा, हे त्यानंतर सत्तर वर्षं नीट कळलं नव्हतं. संशोधक प्राण्यांच्या पोटात किंवा रक्तात जंतू टोचत, पण माणसासारखे जुलाब काही होत नसत. जंतू मेल्यावर त्याच्या शरीरातून विष सुटतं आणि ते रक्तावाटे सगळीकडे पसरतं, असा समज होता.

डे यांनी साधी युक्ती केली. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, शरीरातच ठेवून, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि जंतू थेट त्यात सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. रुग्णाला होतात तसे, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब कुठून येतात, ते समोर दिसलं. डी. एन. चॅटर्जी यांच्याबरोबरचा हा निबंध १९५३ मध्ये छापला गेला. १९५६ मध्ये हीच पद्धत वापरून, ई. कोलाय जंतूंचे काही प्रकारही आतड्यात असंच पाणी आणतात, हे त्यांनी दाखवलं.

मग त्यांनी जंतू वाढवलेलं द्रावण गाळून घेतलं. त्यात एकही जंतू उरला नव्हता. तरीही आतडं फुगलं. म्हणजे जिवंत जंतू विष बाहेर सोडतो आणि ते आतड्यातच काम करतं. मे १९५९ मध्ये हे ‘नेचर’ नियतकालिकात जेमतेम दोन पानांत छापलं गेलं. त्याच वर्षी आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, डॉ. एन. के. दत्त आणि त्यांचे सहकारी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून याच दिशेने पोचले होते.

त्या दोन पानांकडे सुरुवातीला फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ते विष १९६९ मध्ये अमेरिकेत शुद्ध स्वरूपात वेगळं झालं आणि त्यावर जगभर काम सुरू झालं, तसे लोक मागे वळून कोलकात्याच्या निबंधाकडे पाहू लागले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी डे यांचं नाव एकाहून अधिक वेळा सुचवलं. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरच्या परिषदेला त्यांना बोलावलं. आपल्या देशात मात्र, हयातीत कोणत्याही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १५ एप्रिल १९८५ रोजी गेले.

पुढच्याच वर्षी त्यांच्यावर सविस्तर लिहिलं ते यूजीन गारफिल्ड यांनी. सायटेशन मोजण्याची पद्धत उभी करणारे, आमच्या धंद्याचे मूळपुरुष तेच. म्हणजे आकड्यांनी डे यांना न्याय दिला, पण त्यांना तो पाहता आला नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही. एखादा शोध सर्वांच्या अंगवळणी पडला की त्याचा दाखला देणं थांबतं. पटकीचं विष आतड्यात काम करतं, हे आज वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी सांगतो, पण त्यासोबत डे यांचं नाव क्वचितच येतं. दाखले कमी होतात ते काम विसरलं गेलं म्हणून नव्हे, तर ते सगळ्यांचंच झालं म्हणून.

हे वाचताना मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण झाली. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की ते गुण कापायचे. आज प्रोग्राम लिहिताना मी रोज तीच सवय वापरते आणि कुठेही त्यांचं नाव लिहीत नाही. सर, या स्मरणिकेत तेवढा एक दाखला नोंदवते. उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी.