एडिसन यांची बॅटरी आणि निसटलेला धोका

टिटवाळा : विजेवर धावणाऱ्या वाहनांना लागणाऱ्या आगींमुळे बॅटरीच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला असला, तरी तो शंभर वर्षांहून जुना आहे. थॉमस अल्वा एडिसन यांचे चरित्र त्याची साक्ष देते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ११ फेब्रुवारी १८४७ रोजी जन्मलेले एडिसन किशोरवयात रेल्वेगाडीत वृत्तपत्रे विकत. सामानाच्या डब्यात त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली होती. तेथे फॉस्फरस सांडून आग लागली आणि त्यांना गाडीतून उतरविण्यात आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

विजेचा दिवा व फोनोग्राफ यांनी कीर्ती मिळवून दिल्यावर १९०० च्या सुमारास ते मोटारीच्या बॅटरीकडे वळले. शिसे व आम्लाची बॅटरी जड असे. त्याऐवजी त्यांनी निकेल, लोखंड व अल्कली यांची बॅटरी सिद्ध केली. ती बाजारात आल्यावर गळू लागली. तेव्हा एडिसन यांनी उत्पादन थांबविले आणि असंख्य चाचण्यांनंतर १९०९ मध्ये सुधारित बॅटरी आणली. मात्र पुढे स्वस्त पेट्रोल मोटारींनी बाजी मारली.

९ डिसेंबर १९१४ रोजी वेस्ट ऑरेंज येथील त्यांच्या कारखान्याला भीषण आग लागली. वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांनी तो पुन्हा उभा केला.

खरी कसोटी पुढेच होती. पाणबुडीतील आम्लाच्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरिन वायू निर्माण होई. तो टाळण्यासाठी अमेरिकेच्या ‘ई-२’ पाणबुडीत एडिसन बॅटऱ्या बसविण्यात आल्या. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या गोदीत या पाणबुडीत स्फोट होऊन काही जण दगावले. बॅटऱ्यांतून निघालेला हायड्रोजन आत साचला होता. दोष बॅटरीचा की अपुऱ्या वायुवीजनाचा, यावर वाद रंगला. एक धोका टळला, पण दुसरा नजरेतून निसटला होता.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन यांचे निधन झाले. आजच्या लिथियम बॅटरीचे रसायन वेगळे आहे. तिचा एक घट अतितप्त झाला, तर शेजारचे घटही पेट घेतात आणि विझलेली आग पुन्हा भडकू शकते. वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला. त्यानंतर केंद्राचे चाचणीचे नियम अधिक कडक झाले. तरीही टिटवाळ्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या गृहसंकुलांत चार्जिंगची जागा ठरविताना ती मोकळी, हवेशीर आणि जिन्यापासून दूर असावी, हा धडा एडिसन यांच्या काळापासून कायम आहे.