लुइस लेलुआर: दुधातल्या साखरेचा माग काढणारे डॉक्टर

तुमच्या नवजात बाळाच्या रिपोर्टवर ‘गॅलॅक्टोसेमिया’ लिहिले असेल, तर लुइस लेलुआर यांच्याविषयी जरूर वाचा. १९०६ मध्ये पॅरिसला जन्मलेले, अर्जेंटिनात वाढलेले लेलुआर १९३२ मध्ये डॉक्टर झाले. तेव्हा औषधेच मोजकी होती. रुग्णासाठी फारसे करता येत नाही, या असमाधानातून ते संशोधनाकडे वळले. (ही बोच आम्हा डॉक्टरांना आजही ओळखीची आहे.)

दूध पचताना लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होते. ग्लुकोज शरीर थेट वापरते. गॅलॅक्टोजचे पुढे काय होते, हे लेलुआर आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास ब्युनोस आयर्सच्या छोट्या प्रयोगशाळेत यीस्टवर प्रयोग करून उलगडले. साधने जेमतेम, बसायची खुर्चीही दोरीने बांधलेली! आपल्या यकृतातही एन्झाइम्स तशाच पायऱ्यांनी गॅलॅक्टोजचे ग्लुकोजच्या रूपात रूपांतर करतात. या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

यातले एखादे एन्झाइम जन्मतः नसेल, तर गॅलॅक्टोज साठते. नेहमीच्या गंभीर प्रकारात उलट्या, कावीळ, यकृताला इजा, मोतीबिंदू होऊ शकतो. मग आईचे दूधही थांबवून बहुधा सोयाचे दूध-पावडर द्यावे लागते. यात आईचा काहीच दोष नसतो. मात्र नवजात बाळाची कावीळ बहुतेक वेळा साधी असते, म्हणून स्वतःहून अंगावरचे दूध तोडू नका. बाळ सुस्त असेल, सारखे ओकत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.